वेष्टनावरचे नाव कोणाचे?
व्यक्तित्व-हक्काचा कायदा आणि आपला व्यवसाय

मे २०२३ मध्ये मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाकडे एक तक्रार नोंदविली गेली. सचिन तेंडुलकर यांचे नाव, छायाचित्र व आवाज त्यांच्या अनुमतीवाचून वापरून समाजमाध्यमांवर काही उत्पादनांच्या जाहिराती चालू होत्या. त्यांत पोटावरची चरबी घटविण्याचा दावा करणारे उत्पादन होते, आणि त्यांच्या नावाला आरोग्याचा शब्द जोडून काढलेले एक संकेतस्थळही होते. फसवणूक, बदनामी आदी कलमांखाली गुन्हा दाखल झाला. वृत्तपत्रांनी ही बातमी एका क्रिकेटपटूची म्हणून छापली, वाचकांनीही ती तशीच वाचली. आमच्या मते ती आपल्या व्यवसायाची बातमी होती. विकले जात होते ते आरोग्यविषयक उत्पादन, आणि ठकविला जात होता तो रुग्ण.

पनवेल-उरणच्या पट्ट्यात चिरनेरसारख्या गावी चिकित्सा करताना आम्हांला असे रुग्ण वारंवार भेटतात. भ्रमणध्वनीवर एखादा नट किंवा खेळाडू बोलताना दिसतो, घरपोच बाटली येते, दोन-तीन महिने औषध घेतले जाते आणि मग रुग्ण दवाखान्यात येतो. बाटलीवर ‘आयुर्वेदिक’ हा शब्द ठळक अक्षरांत असतो. त्यामुळे गुण आला नाही तर दोष त्या अनोळखी विक्रेत्याला लागत नाही, तो आयुर्वेदाला लागतो. म्हणून नामांकित व्यक्तीच्या नावावर व प्रतिमेवर व्यापारी हक्क कोणाचा, या प्रश्नाचा विचार वकिलांइतकाच वैद्यांनी व फार्मसीचालकांनीही केला पाहिजे. प्रस्तुत लेखात या हक्काचे स्वरूप, त्याच्या मर्यादा आणि त्यातून आपल्यावर येणारी कर्तव्ये यांचा क्रमाने विचार करू.

शास्त्राने ओळखलेला दोष

कायद्याकडे वळण्यापूर्वी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या, म्हणजे तिस्रैषणीय अध्यायाचे स्मरण करणे उचित ठरेल. त्या अध्यायात वैद्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला छद्मचर, म्हणजे वैद्याची भांडी, औषधे, पोथ्या यांचा देखावा मांडून वैद्य म्हणविणारा. तिसरा जीविताभिसर, म्हणजे खरा प्राणरक्षक. या दोहोंमधला दुसरा प्रकार सिद्धसाधित. ज्यांच्यापाशी संपत्ती, यश, ज्ञान आणि सिद्धी आहे अशांचे नाव पुढे करून, स्वतः तसा नसताना वैद्य ही पदवी मिरविणारा तो सिद्धसाधित. दुसऱ्याची कीर्ती उसनी घेऊन आपला माल खपविणे या कृत्याला आपल्या संहितेने स्वतंत्र नाव देऊन ठेवले आहे, ही बाब विचारणीय आहे.

त्याच अध्यायात आप्ताचे लक्षणही आले आहे. रज आणि तम यांपासून मुक्त, ज्याचे ज्ञान त्रिकालाबाधित व अव्याहत आहे, तो आप्त. म्हणून त्याचे वचन प्रमाण. लोकप्रिय नट अभिनयात निपुण असेल, खेळाडू खेळात असामान्य असेल, परंतु मेदोरोगाच्या किंवा मधुमेहाच्या औषधाविषयी तो आप्त ठरत नाही. जाहिरातीची सारी युक्ती या एका ठिकाणी आहे. एका क्षेत्रातील प्रामाण्य ती दुसऱ्या क्षेत्रात न कळत सरकविते. धनैषणा शास्त्राने नाकारलेली नाही. तीन एषणांत तिला दुसरे स्थान आहे. मात्र ती साधूंना मान्य अशा मार्गाने पुरी करावी, अशी तिला अट आहे.

औषधाच्या लेबलावरून सुरू झालेला वाद

आधुनिक कायद्यात या प्रश्नाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. आज चित्रपट व क्रीडाक्षेत्राशी जोडला जाणारा हा वाद आरंभापासून औषधांच्या लेबलांभोवती फिरत होता.

इ. स. १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये क्लार्क विरुद्ध फ्रीमन हा खटला झाला. सर जेम्स क्लार्क हे व्हिक्टोरिया राणीचे वैद्य आणि क्षयरोगाविषयी ख्यातकीर्त होते. फ्रीमन नावाच्या विक्रेत्याने त्यांच्या नावाने क्षयाच्या गोळ्या बाजारात आणल्या. क्लार्क यांनी मनाई हुकूम मागितला, पण न्यायाधीश लॉर्ड लँगडेल यांनी तो नाकारला. क्लार्क स्वतः गोळ्या विकत नव्हते, तेव्हा त्यांच्या मालमत्तेची हानी झालेली नाही, असा त्यामागील विचार होता. वैद्याच्या नावाला बाजारात किंमत होती, म्हणूनच ते चोरले गेले. परंतु त्या किमतीला मालमत्ता मानण्याची न्यायालयाची तयारी नव्हती. पुढे या निर्णयावर बरीच टीका झाली.

अमेरिकेत १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे पिठाच्या जाहिरातीचे प्रकरण आले. एका तरुणीचे छायाचित्र तिला न विचारता सुमारे पंचवीस हजार भित्तिपत्रकांवर छापले गेले होते. न्यायालयाने तिला दाद दिली नाही. लोकमत इतके प्रक्षुब्ध झाले की १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने व्यापारासाठी कोणाचेही नाव वा चित्र लेखी संमतीवाचून वापरण्यास बंदी करणारा कायदा केला. १९०५ मध्ये जॉर्जिया राज्यात एका चित्रकाराचे छायाचित्र विमा कंपनीने वृत्तपत्रातील जाहिरातीत वापरले, तेव्हा तेथील न्यायालयाने खाजगीपणाचा हक्क मान्य केला. या दोन्ही प्रकरणांतील व्यक्ती लोकप्रसिद्ध नव्हत्या, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

१९०७ मधील एडिसन यांचा खटला तर प्रत्येक फार्मसीचालकाने वाचावा असा आहे. विजेच्या दिव्यासाठी विख्यात झालेल्या थॉमस एडिसन यांनी पूर्वी वेदनाशमनाचे एक बाह्योपचारी औषध सिद्ध केले होते आणि त्याचे सूत्र विकून टाकले होते. पुढे ते औषध बनविणाऱ्या कंपनीने बाटलीवर एडिसन यांचे नाव, चित्र आणि त्यांनी दिल्याप्रमाणे भासणारे प्रमाणपत्र छापले. न्यू जर्सीच्या न्यायालयाने कंपनीला मनाई केली. सूत्र विकले म्हणजे चेहरा विकला असे होत नाही, हा या निर्णयाचा मथितार्थ. गुरूंकडून किंवा एखाद्या जुन्या वैद्यघराण्याकडून पाठ मिळवून औषध काढणाऱ्यांनी हा भेद विसरू नये.

पुढे १९५३ मध्ये च्युइंगमच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची चित्रे देण्यावरून दोन कंपन्यांत वाद झाला. त्या निकालात न्यायाधीश जेरोम फ्रँक यांनी खाजगीपणाच्या हक्काहून निराळा असा प्रसिद्धीचा हक्क मान्य केला. खाजगीपणाचा हक्क ‘मला एकटे राहू द्या’ असे म्हणतो. प्रसिद्धीचा हक्क ‘माझ्या कीर्तीचा व्यापार करायचा की नाही, आणि कोणी करायचा, हे मी ठरवीन’ असे म्हणतो.

भारतातील वाटचाल

आपल्याकडे नामांकितांनी उत्पादनांची शिफारस करणे नवे नाही. मराठी अभिनेत्री लीला चिटणीस १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या आणि त्या साबणाची जाहिरात करणाऱ्या पहिल्या भारतीय चित्रतारका ठरल्या. तो संमतीचा व्यवहार होता. संमतीवाचून होणाऱ्या वापराविषयी मात्र न्यायालयीन विचार पुष्कळ उशिरा झाला.

भारतात या हक्कासाठी स्वतंत्र अधिनियम नाही. तीन-चार प्रवाह एकत्र येऊन तो आकाराला आला आहे. पहिला प्रवाह राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाचा. १९९४ मध्ये आर. राजगोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एखाद्याचे नाव वा प्रतिमा त्याच्या संमतीवाचून जाहिरातीसाठी वापरल्यास त्याच्या खाजगीपणाच्या हक्काचा भंग होतो. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्यावर शिक्कामोर्तब केले. दुसरा प्रवाह ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा किंवा दुसऱ्याने पुरस्कारिलेला म्हणून खपविण्यास प्रतिबंध करणाऱ्या तत्त्वाचा. तिसरा प्रवाह व्यापारचिन्ह अधिनियमाचा, आणि चौथा प्रताधिकार अधिनियमातील कलावंतांच्या सादरीकरणविषयक हक्कांचा.

दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये प्रसिद्धीचा हक्क खाजगीपणाच्या हक्कातून उगम पावतो आणि तो व्यक्तीपाशीच असतो, स्पर्धेच्या वा संस्थेच्या ठायी नसतो, असे म्हटले. २०१२ च्या टायटन प्रकरणात तत्त्व अधिक स्पष्ट झाले. अमिताभ व जया बच्चन यांनी तनिष्क दागिन्यांसाठी करार करून जाहिरात केली होती. मुजफ्फरनगरच्या एका सराफाने तशीच जाहिरात त्यांच्या छायाचित्रासह आपल्या फलकावर लावली. न्यायालयाने दोन गोष्टी तपासल्या. व्यक्तीचा आपल्या ओळखीवर हक्क प्रस्थापित आहे काय, आणि जाहिरात पाहणाऱ्याला ती व्यक्ती ओळखता येते काय. दोन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली आणि सराफाला मनाई झाली. मोठ्या कंपनीच्या जाहिरातीतील चेहरा आपल्या दुकानाच्या फलकावर उतरविणाऱ्या लहान व्यावसायिकालाही कायदा लागू होतो, हा त्यातला आपल्यासाठी धडा.

त्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांना त्यांचे नाव, प्रतिमा व आवाज यांच्या अनधिकृत वापराविरुद्ध व्यापक अंतरिम संरक्षण मिळाले. अज्ञात प्रतिवादींनाही तो आदेश बंधनकारक होता. सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या बाबतीत ‘झकास’ या त्यांच्या लकबीच्या उद्गारालाही संरक्षण देण्यात आले, आणि मे २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ यांच्या ‘भिडू’ला. येथे गैरसमज नको. हे दोन्ही शब्द मराठी बोलीचे आहेत व बोलणाऱ्यांचेच राहतील. त्या शब्दांद्वारे त्या नटाची ओळख उभी करून माल विकण्यास आडकाठी आहे.

आवाजाची चोरी

मुंबई उच्च न्यायालयापुढे अलीकडे जे प्रश्न आले ते यापुढचे आहेत. जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंह यांच्या प्रकरणात, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी त्यांच्या आवाजाची हुबेहूब प्रतिकृती करून देण्याला न्यायालयाने अंतरिम मनाई केली. सप्टेंबर २०२५ मध्ये ज्येष्ठ गायिका आशा भोसले यांनी दाद मागितली. त्यांच्या आवाजाच्या यांत्रिक प्रतिकृती बनविणाऱ्या विदेशी कंपन्या, तसेच त्यांच्या चित्रांच्या वस्तू विकणारे विक्रेते प्रतिवादींत होते. न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांनी अंतरिम संरक्षण दिले. एखाद्या नामवंताचा आवाज त्याच्या परवानगीवाचून यंत्राने घडवून देणे हे त्याच्या व्यक्तित्व-हक्काचे उल्लंघन आहे, ही भूमिका त्यामुळे आपल्या राज्याच्या न्यायालयातही दृढ झाली. दशकानुदशकांच्या रियाजाने आणि गाण्याने घडलेला आवाज काही क्षणांत उसना घेता येतो, यातच आजच्या धोक्याचे प्रमाण कळते.

वैद्यकक्षेत्रही यातून सुटलेले नाही. विख्यात हृदयशल्यचिकित्सक डॉ. देवी शेट्टी यांचे नाव व प्रतिमा वापरणाऱ्या फसव्या चित्रफितींविरुद्ध २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा गुदरण्यात आला आणि त्यांनाही अंतरिम संरक्षण मिळाले. सर जेम्स क्लार्क यांना १८४८ मध्ये जे मिळाले नाही ते एका भारतीय वैद्यकतज्ज्ञाला पावणेदोनशे वर्षांनी मिळाले, असे म्हणता येईल.

हक्काच्या मर्यादा

हा हक्क अमर्याद नाही. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खेळाडूंची नावे, चित्रे व कामगिरी यांवर आधारलेल्या एका आभासी खेळाच्या प्रकरणात निर्वाळा दिला की जी माहिती सार्वजनिकरीत्या उपलब्ध आहे तिच्या वापराला, तसेच वार्ता, टीका, विडंबन, कला व विद्वत्ता यांना हा हक्क रोखू शकत नाही. म्हणून एखाद्या खेळाडूच्या दुखापतीची चर्चा या पत्रिकेत शास्त्रीय दृष्टीने करता येईल. त्याच पानावर त्याच्या छायाचित्राशेजारी आपल्या तेलाची जाहिरात मात्र छापता येणार नाही.

मृत व्यक्तींच्या बाबतीत स्थिती निराळी आहे. सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांनी आणलेल्या दाव्यात जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हा हक्क व्यक्तीबरोबर संपतो, तो वारसांकडे जात नाही, असे म्हटले. चिरनेर गावाला या प्रश्नाची एक निराळी बाजू ठाऊक आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी येथील जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि त्यात धारातीर्थी पडलेल्यांची नावे गावाने स्मारकावर कोरून जपली आहेत. उद्या कोणी त्यांतले एखादे नाव अवलेहाच्या बरणीला दिले, तर वारसांना या हक्काखाली दाद मिळणे कदाचित कठीण जाईल. म्हणून ते कृत्य योग्य ठरेल काय? कायदा जेथे थांबतो तेथे लोकलज्जा व व्यवसायधर्म यांचे काम सुरू होते.

हा हक्क केवळ नामांकितांचाच का, असाही प्रश्न विचारला जातो. व्यापारी मूल्याची भरपाई मागायची तर कीर्ती सिद्ध करावी लागते, हे खरे. परंतु खाजगीपणाचा हक्क प्रत्येकाचा आहे. तालुक्याच्या गावी तीस वर्षे चिकित्सा करणाऱ्या वैद्याचे नाव त्याच्या पंचक्रोशीत सुप्रतिष्ठितच असते, आणि त्याच्या रुग्णाचा चेहरा तर सर्वस्वी त्या रुग्णाचा असतो.

संमती मिळाली म्हणजे झाले काय?

आमच्या विवेचनातील मुख्य मुद्दा येथे येतो. व्यक्तित्व-हक्क नावाच्या मालकाचे रक्षण करतो. रुग्णाचे रक्षण तो आपोआप करीत नाही. एखाद्या खेळाडूने मानधन घेऊन, करार करून औषधाची शिफारस केली तर त्याच्या हक्काचा भंग होत नाही. पण दावा खोटा असेल तर रुग्ण पूर्वीइतकाच फसतो. म्हणून औषधाच्या जाहिरातीला दोन दारे ओलांडावी लागतात. एक संमतीचे, दुसरे सत्याचे.

दुसऱ्या दारावरचा जुना पहारेकरी म्हणजे औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, उच्च व न्यून रक्तदाब, हृद्रोग यांच्यासह स्थूलताही आहे. या व्याधींचे निदान, उपचार वा प्रतिबंध करणारे औषध म्हणून जनतेत जाहिरात करण्यास तो अधिनियम प्रतिबंध करतो. आरंभी सांगितलेल्या प्रकरणात त्या खेळाडूने समजा लेखी अनुमती दिली असती, तरी स्थूलतेवरील औषध म्हणून केलेली जाहिरात या दुसऱ्या दाराशी अडली असती. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १७० विषयी आपल्या व्यवसायात बरीच चर्चा झाली. तो जुलै २०२४ च्या अधिसूचनेने वगळण्यात आला, ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकाली निघताना ती स्थगिती उठली. नियम गेला म्हणून १९५४ चा अधिनियम गेला, असा समज कोणी करून घेऊ नये.

दुसरा पहारेकरी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९. त्यातील पुरस्काराची व्याख्या व्यापक आहे. व्यक्तीचे नाव, स्वाक्षरी, प्रतिमा किंवा ओळख पटविणारे अन्य लक्षण, तसेच एखाद्या संस्थेचे नाव वा मुद्रा अशा रीतीने दाखविणे की ग्राहकाला तो त्यांचा अभिप्राय वा अनुभव वाटावा, हे सर्व तीत येते. म्हणजे वैद्यसंघटनेचे बोधचिन्ह पुड्यावर छापणे हाही पुरस्कारच होय. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास किंवा पुरस्कर्त्यास दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुरस्कर्त्यास एक वर्षापर्यंत, नंतरच्या चुकीस तीन वर्षांपर्यंत, कोणत्याही पुरस्कारापासून दूर ठेवता येते. दाव्याची खातरजमा करण्यात योग्य ती दक्षता घेतल्याचे पुरस्कर्त्याने दाखविले तर तो या दायित्वातून सुटू शकतो. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुर्वेदीय उत्पादनांच्या जाहिरातींविषयीच्या प्रकरणात नामांकित पुरस्कर्तेही तितकेच जबाबदार असल्याचे नमूद केले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आयुष मंत्रालयादींशी विचारविनिमय करून आरोग्यविषयक शिफारशींसाठी अधिक मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार प्रमाणित चिकित्सकाने आपली अर्हता सांगावी, आणि जो चिकित्सक नसताना तज्ज्ञ म्हणून बोलतो त्याने आपला सल्ला वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही हे स्पष्ट करावे.

आपल्या व्यवहारातील काही नित्याची स्थळे

दिनदर्शिका. दिवाळीनंतर अनेक फार्मसी वैद्यांना व दुकानदारांना दिनदर्शिका वाटतात. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी यांची नावे व चित्रे, तसेच पंतप्रधानांचे चित्र, केंद्र सरकारच्या पूर्वानुमतीवाचून व्यापारासाठी वापरण्यास बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० प्रमाणे बंदी आहे. दिनदर्शिकांना सवलत आहे ती फक्त दिनदर्शिका काढणाऱ्याचे व मुद्रकाचे नाव असेल आणि ती मालाच्या जाहिरातीसाठी वापरली जात नसेल तरच. महाराजांच्या चित्राखाली चूर्णे व आसवांची यादी छापली की ती सवलत उरत नाही. महाराजांविषयीचा आदर व्यक्त करण्यास त्यांच्या चित्राखाली किमतींची यादी लागत नाही.

गुरूचे नाव. गुरूंच्या नावाने तेल वा गुटी काढण्याची प्रथा आपल्याकडे आहे. भावना कृतज्ञतेची असली तरी व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या चौदाव्या कलमान्वये, हयात व्यक्तीशी किंवा अर्जापूर्वीच्या वीस वर्षांत निवर्तलेल्या व्यक्तीशी संबंध सूचित करणाऱ्या चिन्हासाठी निबंधक त्या व्यक्तीची अथवा तिच्या कायदेशीर प्रतिनिधींची लेखी संमती मागू शकतो. गुरुजी हयात असतानाच ही संमती घ्यावी. त्यांच्या पश्चात मुले आणि शिष्य यांच्यात वाद होतो तेव्हा नाव गुरूंचे मलिन होते.

रुग्णाचे छायाचित्र. उपचारापूर्वीचे व नंतरचे छायाचित्र दवाखान्याच्या भिंतीवर किंवा समाजमाध्यमावर लावण्याची चढाओढ वाढली आहे. एखादा कीर्तनकार, कबड्डीपटू किंवा लोकप्रतिनिधी उपचार घेऊन गेला की त्याच्यासह काढलेले छायाचित्र लगेच प्रसृत होते. त्याने छायाचित्रास होकार दिला म्हणजे जाहिरातीस होकार दिला असे नव्हे. शिवाय त्याला अमुक व्याधी होती हे जगजाहीर करणे वैद्याच्या गोपनीयतेच्या व्रताशी विसंगत आहे. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानेही संमतीला केंद्रस्थानी ठेवले आहे.

वैद्याचे स्वतःचे नाव. आपले नाव व छायाचित्र औषधाच्या जाहिरातीत देण्याचे आमंत्रण तरुण वैद्यांना हल्ली सहज येते. आपल्या आचारसंहितेचा रोख आत्मप्रसिद्धीविरुद्ध आहे हे तर खरेच, पण त्याहून व्यावहारिक मुद्दा असा की वर सांगितलेली पुरस्कर्त्याची जबाबदारी अशा वैद्यावर पूर्णपणे येऊन पडते. ज्या औषधाची निर्मिती आपण पाहिली नाही, ज्याच्या घटकद्रव्यांची परीक्षा केली नाही, त्याच्या लेबलावर आपला चेहरा देणे हे कोऱ्या कागदावर स्वाक्षरी करण्यासारखे आहे.

करणीय

१. कोणाही व्यक्तीचे नाव, चित्र, आवाज, स्वाक्षरी वा ओळखीचा उद्गार जाहिरातीत वापरण्यापूर्वी लेखी संमती घ्यावी. उत्पादन कोणते, मुदत किती, कोणत्या माध्यमात व कोणत्या प्रदेशात, याचा तीत स्पष्ट उल्लेख असावा. मुदत संपताच फलक, पुठ्ठे व समाजमाध्यमांवरील मजकूर काढावा.

२. जाहिरात संस्थेने आणलेले चित्र तिचेच आहे असे गृहीत धरू नये. यंत्रनिर्मित आवाज किंवा चेहरा कोणाशी मिळताजुळता असेल तर तो नाकारावा. ओळख पटते की नाही, ही न्यायालयाची कसोटी आपणही लावून पाहावी.

३. वितरक व किरकोळ विक्रेते आपल्या नावे काय प्रसृत करतात यावर फार्मसीने लक्ष ठेवावे. दुकानदारानेही आलेले भित्तिपत्रक लावण्यापूर्वी त्यावरचा दावा वाचावा.

४. संमती असो वा नसो, १९५४ च्या अधिनियमाची अनुसूची समोर ठेवून प्रत्येक मजकूर तपासावा.

५. आपल्या अथवा सहव्यावसायिकाच्या नावाचा दुरुपयोग आढळल्यास प्रथम पुरावा जपावा. पडद्याचे छायाचित्र, दुवा, दिनांक, खरेदीची पावती, बाटली व तिच्यावरील घाण क्रमांक हे सर्व ठेवावे. त्यानंतर संबंधित माध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, सायबर पोलिसांकडे आणि उत्पादन औषध असल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी.

६. रुग्णाचे पैसे गेले असतील तर त्याला विनाविलंब १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळविण्यास सांगावे. आमच्या चिरनेरकरांना हा आकडा पाठ करावा लागत नाही. इतर गावांतील वैद्यांनी तो दवाखान्यात ठळक लिहून ठेवावा.

मोठ्या नामांकितांपाशी वकिलांची फौज असते. ते उच्च न्यायालयात जाऊन मनाई हुकूम मिळवतील. एका गावातल्या मधुमेही रुग्णाने जाहिरात पाहून चालू औषध सोडले आणि त्याच्या पायाची जखम चिघळली, तर त्याच्यासाठी दावा गुदरणारे कोणी नसते. त्याच्यापर्यंत सर्वप्रथम पोहोचतो तो गावचा वैद्य आणि नाक्यावरचा औषधविक्रेता. त्याने बाटली पुढे केल्यावर दोन प्रश्न विचारण्याची सवय आपण स्वतःला व त्यालाही लावू या: हे नाव वापरायला कोणी अनुमती दिली, आणि या औषधाविषयी बोलण्याचा त्या नावाला काय अधिकार? यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर न्यायालये आता देऊ लागली आहेत. दुसऱ्याचे उत्तर देण्याचे दायित्व शास्त्राने पूर्वीपासून आपल्यावर सोपविलेले आहे.